पॉलिसींचा रेडीमेड संच: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचं ४० खाटांचं हॉस्पिटल, नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ. मी बारा वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आता क्वालिटीचं काम बघते. एनएबीएचला, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेला, अर्ज करायचं ठरलं तेव्हा मोठ्या सरांनी एका एजन्सीकडून पॉलिसींचा, म्हणजे कोणतं काम कोणी कसं करायचं याच्या लेखी नियमांचा, तयार संच विकत घेतला. एजन्सीचं नाव लिहीत नाही. नंतर दोन-तीन हॉस्पिटलांतल्या मैत्रिणींच्या फाइली चाळल्या, तर सगळे संच एकमेकांची भावंडंच निघाले. नाव बदला, लोगो बदला, झालं.

सहा जाड फाइली आल्या. कपाट भरलेलं बघून सर खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

पहिला झटका आपत्तीच्या फाइलीत बसला. त्सुनामीचा इशारा मिळाल्यावर रुग्णांना वरच्या मजल्यावर कसं हलवायचं, याची दोन पानं! नाशिकमध्ये! इथे पूर मोजायचा तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, कमरेपर्यंत पाणी की छातीपर्यंत. गोदेचं नाव मात्र फाइलीत कुठेच नाही. ऑक्सिजनबद्दल एकच वाक्य होतं: पुरवठा नियमानुसार अबाधित ठेवावा. २१ एप्रिल २०२१ ला याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्यानंतर नाशिकच्या कुठल्याही हॉस्पिटलात ऑक्सिजन एका वाक्यात उरकता येत नाही. कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा, गॅसरूमची किल्ली रात्री कोणाकडे, जंबो सिलिंडर किती भरलेले हवेत, छोटा सिलिंडर आधी कोणत्या बेडला लावायचा, हे आम्ही गॅस बघणाऱ्या मामांना समोर बसवून लिहिलं. किल्लीवरच अर्धा तास गेला. ती मामांच्या खिशात असायची आणि मामा सहाला घरी जायचे.

मग कायद्याचे घोळ. रुग्णाला केसपेपरची प्रत ३० दिवसांत द्यावी, असं एका पॉलिसीत होतं. शोधलं तर ती मुदत अमेरिकेच्या हिपा कायद्यातली. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. कचऱ्याच्या पानावर काळी पिशवी होती. ती १९९८ च्या नियमांतली. २०१६ पासून पिवळी, लाल, पांढरी आणि निळी एवढंच. म्हणजे संचाप्रमाणे इमानदारीत वागलो असतो तरी दोन्हीकडे चुकलोच असतो.

पण संचाचा सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे. तो आपल्या वतीने भरमसाट वचनं देऊन बसतो. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ढकलगाडी) दर दोन तासांनी तपासावी, असं त्यात होतं. ऐकायला किती छान! रात्री १८ पेशंटना दोन सिस्टर. कोण तपासणार? पण सह्या रोज पूर्ण. निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी रजिस्टर उघडलं, पान उजेडाकडे तिरकं धरलं आणि मला जवळ बोलावलं. आठवड्याभराच्या सह्या एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या, एका ओळीत उतरत गेलेल्या. मग इन्सुलिनच्या फ्रीजच्या तापमानाचं रजिस्टर: ४, ४, ४, ४. ज्या दुपारी तीन तास लाइट नव्हती, त्या दुपारीही ४. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सिस्टर, दोन तासांनी तपासा असं मी सांगितलेलं नाही. तुम्हीच लिहिलंय.’ मला उत्तर सुचलं नाही. आता शिफ्ट बदलताना दोघींनी मिळून कार्ट तपासायची आणि कुलपाचा सील नंबर लिहायचा, एवढंच ठेवलंय. ते होतं.

याच सुमारास सुईचा प्रसंग घडला. रात्री पावणेतीनला पिवळी पिशवी बांधताना एका मावशींना सुई टोचली. मुळात सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, ती चूक आमची, त्यांची नव्हे. मावशींनी बोटाला चिकटपट्टी लावली आणि सकाळी आठपर्यंत पोछा मारत राहिल्या. का सांगितलं नाही, विचारलं तर म्हणाल्या, ‘सिस्टर मलाच बोलल्या असत्या, पिशवी नीट धरता येत नाही म्हणून.’ तपासण्या ठीक आल्या, मावशी बऱ्या आहेत. पण संचातली पॉलिसी काढून बघितली, तर अकरा पानं. पहिली तीन नुसत्या व्याख्यांची, पुढे ‘संसर्ग नियंत्रण समितीस विहित नमुन्यात कळवावे’. पावणेतीनला कोणती समिती?

ती अकरा पानं फाइलीत राहू दिली आणि मराठीत एक पान केलं. साबण-पाण्याने धुवा. बोट दाबू नका, तोंडात घालू नका. लगेच आरएमओंना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) उठवा, त्यांचा नंबर हा. एचआयव्ही टाळणाऱ्या औषधाची पहिली गोळी शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. गोळ्या कॅज्युअल्टीच्या डाव्या कपाटात. आणि सगळ्यात वर: सुई टोचल्याचं सांगितल्याबद्दल कोणीही बोलणार नाही. ही काय पॉलिसीची भाषा झाली का, असं सर म्हणाले. मी ओळ काढली नाही. आधीचं वर्षभर सुई टोचल्याच्या नोंदींचं रजिस्टर कोरं होतं, नंतरच्या सहा महिन्यांत चार नोंदी आल्या. नोंदी वाढल्या म्हणून सर काळजीत, मी निर्धास्त.

लिहिताना तीन शब्दांवर बंदी घातली: आवश्यकतेनुसार, योग्य वेळी, संबंधितांनी. हे शब्द आले की समजावं, काम कोणाचं ते लिहिणाऱ्यालाच माहीत नाही. शिवाय संचात ‘चीफ नर्सिंग ऑफिसर’ पानोपानी. आमच्याकडे ते पदच नाही. आहेत त्या इन्चार्ज सिस्टर, तेच लिहिलं.

माझे दीर अंबडला एका औषध कंपनीत क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागात आहेत. ते आमच्या फाइली बघून हसले. त्यांच्याकडे प्रत्येक एसओपीवर (कामाच्या लेखी पद्धतीवर) आवृत्ती क्रमांक, लागू तारीख, पुढच्या फेरआढाव्याची तारीख असते आणि जुनी प्रत परत घेऊन नष्ट करतात. आमच्या लेबर रूममध्ये एकाच विषयाच्या तीन प्रती भिंतीवर सापडल्या, तिन्ही वेगळ्या. हे मात्र मी त्यांच्याकडून सहीसही उचललं.

सगळं जमलं असं नाही. व्हॉट्सॲपचं कोडं तसंच आहे. संच म्हणतो, रुग्णाची कोणतीही माहिती मोबाइलवर पाठवू नये. रात्री अडीचला छातीत दुखणारा पेशंट सुरगाण्याहून येतो, कार्डिओलॉजिस्ट घरी, ईसीजीचा फोटो न पाठवून कसं चालेल? २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही डोक्यावर आहेच. नाव झाकून फोटो काढा, ठरलेल्या ग्रुपवरच टाका, काम झालं की काढून टाका, असं लिहिलंय. नाव झाकतात, पण फोटो काढून टाकतात का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पैसे वाया गेले का? अगदी तसं नाही. कोणकोणत्या विषयांवर पॉलिसी लागते ती यादी उपयोगी पडली, समित्यांच्या सभांचे नमुने आणि फॉर्म अजूनही वापरतो. पाचापैकी दोन देईन. घेणारच असाल तर वर्ड फाइल मागा. आम्हाला पीडीएफ दिली होती आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे मागितले. पैसे देण्याआधी केसपेपरच्या प्रतीची मुदत आणि कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, ही दोन पानं उघडून दाखवायला सांगा.