जंतांवर पातळ औषध द्यावं की गोळी?

गेल्या जुलैत आमच्या कुत्र्याच्या, टिपूच्या, शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. बोटाने टिपून पाहिलं तर एक कणी हळूच वळवळली. मी म्हापशाहून सिरप आणून दोनदा पाजलं, तरी कण्या तशाच. औषधात खोट नव्हती, मीच चुकीचं आणलं होतं.

त्या कण्या म्हणजे पट्टकृमी या चपट्या, लांब जंताचे तुकडे. मी आणलेलं सिरप पायरँटेल या औषधाचं, आणि त्याचा पट्टकृमीवर काही परिणाम होत नाही. ते गोलकृमी आणि अंकुशकृमी यांना लुळं करून शीवाटे बाहेर काढतं, म्हणून शीत शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका. लहान पिल्लांसाठी मात्र मी सिरपच घेईन. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत, आणि मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. सिरिंजने वजनाप्रमाणे अचूक पाजता येतं, आणि पिल्लांना खरा धोका अंकुशकृमीचाच. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. हिरड्या पांढुरक्या पडल्या, शी डांबरासारखी काळी झाली, तर घरचे उपाय थांबवून सरळ डॉक्टर गाठा.

मोठ्या कुत्र्याला पायरँटेल, प्राझिक्वांटेल आणि फेबँटेल या तीन औषधांची एकत्र गोळी बरी. महाग पडते, पण पट्टकृमी आणि चाबूककृमीही तिच्या तावडीत सापडतात. नेहमीच्या गोळीचं प्रमाण दहा किलोला एक. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. अंदाजपंचे देऊ नका. प्राझिक्वांटेलने मेलेला पट्टकृमी बहुधा आतच पचून जातो, त्यामुळे शीत काही दिसलं नाही तर गोळी फुकट गेली असं समजू नका.

फेनबेंडाझोल या आणखी एका जंताच्या औषधाचा तीन दिवसांचा कोर्स मी शी तपासून चाबूककृमी निघाला तरच करतो. तीन दिवस टिपूला औषध भरवायचं म्हणजे दिव्यच.

पण पिसवा तशाच ठेवल्या तर कुठलंही औषध घ्या, पैसे पाण्यात. टिपू अंग चावताना पिसू गिळतो, तिच्या पोटातून पट्टकृमी परत येतो आणि तीनेक आठवड्यांत कण्या पुन्हा हजर. म्हणून गोळीच्या दिवशीच पिसवांचं औषध लावायचं आणि त्याचं गोणपाट उकळत्या पाण्यात बुडवायचं.

आणि गोळी पोईत, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावात, दडवू नका. आमचा पठ्ठ्या पोई खाऊन गोळी तेवढी जमिनीवर ठेवतो. काटे काढलेल्या बांगड्यात घातली की बिनबोभाट जाते.