पहिली दुर्बीण: शुक्राला लावायची की मंगळाला?

नवी दुर्बीण घरात आली, चंद्र पाहून झाला, गुरूचे चार चंद्र मोजून झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला. आता शुक्र की मंगळ? दोघंही आपले सख्खे शेजारी, दोघंही खडकाळ, दोघांच्याही हवेत ९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पण आयपीसला डोळा लावला की एकाची हवा सगळं झाकून टाकते आणि दुसऱ्याची हवा जवळजवळ आडवीच येत नाही. निवड करायची ती इथे.

शुक्र शोधावा लागत नाही. संधिप्रकाशात सगळ्यात आधी जो लखलखतो तो तोच. ६० मिमी रुंद भिंगाच्या खेळण्यासारख्या दुर्बिणीतूनही त्याची कोर स्वच्छ दिसते; गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिली तीच. गंमत अशी, की तो जवळ येतो तसा मोठा होतो आणि त्याच वेळी बारीकही होत जातो. दर आठवड्याला वहीत एक वर्तुळ काढून कोर रंगवली, तर दोन महिन्यांत त्याचं सूर्याभोवतीचं फिरणं तुमच्या हाताखाली उमटतं. मुलांसाठी याहून चांगला उद्योग मला माहीत नाही.

मात्र कोरीच्या आत काही नाही. कोरी पांढरी बशी! तुम्ही पाहता ते सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांचं छत. त्याखाली ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक दाब. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ हे सोव्हिएत यान तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. त्या जमिनीचा नकाशासुद्धा मॅगेलन यानाला रडारने करावा लागला. तेव्हा दुर्बीण कितीही महाग घ्या, शुक्राची जमीन दिसणार नाही.

मंगळाचं उलट. व्यास पृथ्वीच्या जेमतेम निम्मा, हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणून नजर थेट जमिनीपर्यंत पोचते. पण पहिल्या रात्री निराशा पक्की. केशरी वाटाणा, तोही थरथरता. इथे उठायचं नाही. वीस मिनिटं डोळा लावून बसलं, की आपली हवा क्षणभर स्थिरावते आणि कडेला पांढरा ठिपका दिसतो, ध्रुवावरची बर्फाची टोपी. मग मधोमध एक करडा डाग, सिर्टिस मेजर. डच खगोलशास्त्रज्ञ ह्युगेन्सने १६५९ मध्ये कागदावर उतरवलेला डाग आपल्या गच्चीवरून दिसतो, तेव्हा तो वाटाणा जग होतो. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो, त्यामुळे रोज त्याच वेळी पाहिलं तर डाग थोडा थोडा मागे पडत जातो. शुक्रावर असं काहीच पकडता येत नाही.

अडचण वेळापत्रकाची. मंगळाची प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्या मधोमध पृथ्वी येण्याची वेळ, साधारण २६ महिन्यांनी येते आणि बघण्याजोगे दिवस त्याच्या आगेमागे दीड-दोन महिने. त्यातही महाराष्ट्रात राहणाऱ्यांशी त्याचं जुनं वैर आहे: तो सगळ्यात जवळ येतो त्या प्रतियुती जुलै ते सप्टेंबरमध्येच पडतात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. २७ जुलै २०१८ ला तो ५ कोटी ८० लाख किलोमीटरच्या आत होता. आमच्या गच्चीवर ताडपत्री. वर तिकडेही पूर्ण ग्रहावर धुळीचं वादळ, म्हणजे ढग हटले असते तरी फार काही हाती लागलं नसतं. पत्रिकेतला मंगळ परवडला.

हिवाळ्यातली प्रतियुती दूरची, पण आभाळ आपलं. पुढची १९ फेब्रुवारी २०२७ ला. अंतर दहा कोटी किलोमीटरच्या थोडं पुढे, बिंब १३.८ विकलांचं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). शंभर पट मोठं करून ते नुसत्या डोळ्यांच्या चंद्रापेक्षा जरा लहानच दिसेल. उत्तर ध्रुवाची टोपी आपल्याकडे कललेली असेल, हे मात्र पदरात. शुक्र त्याच मोसमात पहाटे पूर्वेला: नोव्हेंबर २०२६ मध्ये चाळीस विकलांहून मोठी कोर, जानेवारीच्या सुरुवातीला बरोबर अर्धा.

माझं मत विचाराल तर दुर्बीण ७०-८० मिमीची असेल, किंवा घरातली मंडळी पाच मिनिटांत कंटाळणारी असतील, तर बिनधास्त शुक्र. ११४ किंवा १३० मिमीची असेल आणि थंडीत शाल गुंडाळून एकट्याने बसायची तयारी असेल, तर मंगळ. शुक्र पटकन खूश करतो आणि पटकन संपतो.

दोन सूचना. शुक्र पहाटे पाहताना सूर्य उगवायच्या आधी दुर्बिणीवर झाकण घाला, चुकून नळी सूर्याकडे वळली तर डोळा जाईल. आणि मंगळासाठी दुर्बीण तासभर आधी गच्चीवर नेऊन ठेवा. घरातली ऊब आरशात असेपर्यंत वाटाणा थरथरतच राहतो.