पालक-नियंत्रण ॲप : आठ महिने, दोन वर्गण्या आणि एक सेफ मोड

हा अनुभव मी तिसऱ्या महिन्यातच लिहायला घेतला होता आणि तेव्हा पाचपैकी साडेचार तारे द्यायचे ठरवले होते. तो अर्धवट राहिला हे बरेच झाले. सातव्या महिन्याच्या आरंभी माझ्या खात्यातून सहामाही वर्गणीचे ७४९ रुपये आपोआप वळते झाले आणि त्याच आठवड्यात सातवीतला मुलगा रात्री साडेअकराला पांघरुणाखाली यूट्यूब पाहताना सापडला. ॲपचे नाव देत नाही, कारण तक्रार त्यांच्याकडे अजून पडून आहे.

वेळेची मर्यादा, ॲपनिहाय कुलूप, ठिकाण कळणे या सोयी अशा प्रत्येक ॲपमध्ये असतात, त्यामुळे त्यांचे वर्णन करत नाही. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येत असल्याने फोन काढून घेणे शक्य नव्हते. रात्री नऊला पडदा आपोआप बंद होऊ लागल्यावर जेवताना होणारी रोजची वादावादी थांबली आणि वाईटपणा माझ्याऐवजी ॲपकडे गेला, याचे मला मनातून समाधानच वाटले.

आता सेफ मोडविषयी. अँड्रॉइड फोनमधील बिघाड शोधता यावा म्हणून ही सोय दिलेली असते. फोन या पद्धतीने सुरू केला की बाहेरून घेतलेली ॲप बंद राहतात आणि कंपनीने आधीपासून बसवलेली तेवढी चालतात. आमच्या फोनमध्ये क्रोम आणि यूट्यूब आधीपासून बसवलेले होते, तर पैसे मोजून नेमलेला पहारेकरी बाहेरून आलेला. मुलाला ही युक्ती मधल्या सुट्टीत वर्गमित्राने शिकवली. पडद्याच्या कोपऱ्यात ‘सेफ मोड’ ही अक्षरे मी स्वतः दोनदा पाहिली होती आणि ती आपल्याच ॲपची कामगिरी असावी असे समजून निश्चिंत झालो होतो. त्यावर कडी म्हणजे, पहारेकरी झोपलेल्या रात्रींच्या अहवालात नऊनंतरचा वापर शून्य मिनिटे दिसत होता आणि खाली माझे अभिनंदन केलेले होते. ग्राहक सेवेला हे सर्व चित्रांसह कळवल्यावर अकराव्या दिवशी उत्तर आले, की फोन बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. मुलगा नेमके तेच करत होता.

वर्गणीच्या बाबतीत चूक माझीही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती आली होती, पण जाहिरातींच्या संदेशांत मी ती वाचली नाही. ऑटोपेची मंजुरी यूपीआय ॲपमधून मिनिटभरात रद्द करता येते, हे मला पैसे गेल्यावर कळले.

तरीही माझे मत खऱ्या अर्थाने बदलले ते गेल्या महिन्यातील एका प्रकाराने. खेळाच्या गप्पांच्या चौकटीत एका अनोळखी माणसाने मुलाकडे त्याचा फोटो मागितला. ॲपच्या अहवालात त्या संध्याकाळची नोंद ‘खेळ : ४२ मिनिटे’ एवढीच आहे, म्हणजे मर्यादेच्या आत आणि हिरव्या रंगात. आम्हाला ते कळले, कारण मुलाने दुसऱ्या दिवशी आईला आपणहून सांगितले. सेफ मोडच्या प्रकरणात मी जसा ओरडलो होतो ते पाहता माझ्याकडे तो आला नाही, हे साहजिकच होते. ते खाते ब्लॉक करण्यापूर्वी आम्ही संभाषणाचे स्क्रीनशॉट घेतले, खेळातील गप्पांची सोय बंद केली आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तेथे महिला व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग असून नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आता मुलाच्या फोनमध्ये आहे. इन्स्टाग्रामचा हट्ट मात्र सहज मिटला, कारण तेथे वयाची अट १३ वर्षांची आहे आणि तो अजून १२ वर्षांचा आहे.

भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ॲप अजून काढलेले नाही. गृहपाठाच्या वेळी खेळ बंद ठेवण्यापुरते ते उपयोगी पडते. रात्री नऊनंतर तिघांचेही फोन बैठकीच्या खोलीतील फळीवर असतात आणि या व्यवस्थेला वर्गणी लागत नाही. परताव्याची मागणी केली आहे. तूर्त दोन तारे देतो. त्यातला एक पहिल्या तीन महिन्यांतल्या शांत जेवणांचा आहे.