किट कारचा ब्रेक होज: रबरी, जाळीचा की क्रिम्प करून आणलेला?

मारुती 800 किंवा जिप्सीचे भाग घेऊन कुणी घरी गाडी बांधायला काढली की चासी, इंजिन, गिअरबॉक्स यांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते आणि ब्रेकचा रबरी पाइप, म्हणजे होज, शेवटच्या आठवड्यात आठवतो. मग इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतल्या पार्टबाजारात जाऊन 'काहीतरी बसणारं' आणलं जातं. इंदुरात त्यासाठी तीन वाटा आहेत: मूळ गाडीचा कंपनीचा रबरी होज, स्टीलच्या जाळीचा होज आणि हायड्रॉलिकच्या दुकानातून हव्या त्या लांबीचा क्रिम्प करून (टोकाची फिटिंग यंत्राने दाबून) घेतलेला होज. (अशी गाडी रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायदा 1988 चं गाडीतल्या बदलांवरचं कलम 52 आणि आरटीओ हा वेगळा विषय. इथे फक्त होजपुरतं बोलू.)

तिसरी वाट आधी बाद करतो, कारण मोह तिचाच सगळ्यात मोठा. पीथमपूरच्या कारखान्यांमुळे आणि जेसीबी-डंपरांमुळे आपल्याकडे हायड्रॉलिक होज बनवून देणारे भरपूर आहेत. लांबी सांगा, चहा होईपर्यंत होज तयार. दुकानदार म्हणतो, 'भैया, दोनशे बारचा माल आहे, तुमच्या ब्रेकला काय होतंय?' दाबाचं त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण अडचण आत वाहणाऱ्या द्रवाची आहे. जेसीबीत खनिज तेल असतं, म्हणून त्या होजचं आतलं रबर सहसा नायट्राइलचं असतं. आपलं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल नावाला ऑइल, प्रत्यक्षात ग्लायकॉलच्या जातीचं. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटून मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर दाब तयार करणाऱ्या भागाच्या) सीलपर्यंत जातात. ब्रेकच्या होजमध्ये ईपीडीएम रबर असतं, जे याच द्रवासाठी केलेलं आहे. याच कारणाने उलटा प्रकारही घातक: ईपीडीएमच्या होजमध्ये चुकून इंजिन ऑइल गेलं तर तो होज टाकूनच द्यावा लागतो. तेव्हा होज घेताना बाहेरच्या रबरावर आयएस 7079 किंवा एसएई जे1401 या ब्रेक होजच्या मानकांचं नाव छापलेलं आहे का ते बघा. नुसतं 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असेल तर तो दुकानात राहू द्या.

राहिले दोन. रस्त्यावर फिरवायच्या हलक्या गाडीला माझं मत रबरी होजच्या बाजूने आहे. तो स्वस्त आहे, कुठल्याही गावात मिळतो आणि मरायच्या आधी खुणा देतो. बाहेरून बारीक भेगा पडतात, वाकवल्यावर त्या उघडतात, कधी एखादा फुगवटा येतो. आतून सुजला तर पेडल सोडल्यावरही त्या चाकाचा ब्रेक धरलेलाच राहतो, कारण द्रव मागे फिरायला जागाच उरत नाही. अट एकच, होज नवा हवा. कबाडखान्यातल्या डोनर गाडीचे (जिचे भाग काढून घेतले तिचे) कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारे भाग, उघडून, सील बदलून वापरता येतात, पण तिचे होज परत लावू नका, वरून कितीही चकचकीत दिसले तरी.

जाळीचा होज दिसतो झकास, हे मान्य. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टेनलेस स्टीलची वीण. दाबाखाली तो जवळजवळ फुगत नाही, त्यामुळे पेडल कडक लागतं. पण नवा, योग्य लांबीचा रबरी होज आणि नवा जाळीचा होज यांतला फरक लोक सांगतात तितका नसतो. 'जाळीचे लावले आणि ब्रेक एकदम सुधारले' असं सांगणाऱ्याने त्याच दिवशी वीस वर्षांचे होज काढले, ऑइल बदललं आणि हवाही काढली, हे तो विसरतो. सिमरोळच्या पुढे भेरू घाट उतरताना पेडल मऊ पडत असेल तर बहुधा ऑइल उकळतंय. डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, ओलावा शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरते. तिथे होज बदलून काही होणार नाही.

शिवाय जाळीच्या होजचे चोचले असतात. चासीला, विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) घासला की तो कानसीसारखा धातू खातो, म्हणून वर प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या. आवरण नसेल तर काळ्या मातीची धूळ विणीत शिरून आतली नळी खरवडते आणि बाहेरून काही दिसत नाही. टोकाशी, जिथे तो फिटिंगमध्ये शिरतो, तिथे सारखा वाकत राहिला तर तिथेच तुटतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या बाजूला बाहा या कॉलेजांच्या बग्गी स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या पोरांना तो शोभतो, कारण ते दर फेरीनंतर गाडी उघडून बघतात. वर्षातून एकदा बॉनेट उघडणाऱ्याने रबरी लावावा. दगड-काट्यांतून जाणारी गाडी असेल, किंवा हव्या त्या लांबीचा रबरी मिळतच नसेल, तर जाळीचा घ्या, पण कारखान्यात क्रिम्प होऊन दाब-चाचणी झालेला.

आता खरी डोकेदुखी: आटे. आपल्याकडच्या बहुतेक जपानी वळणाच्या गाड्यांचे ब्रेकचे नट 10 मिलिमीटर व्यासाचे, 1 मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). ब्रिटिश किटबरोबर आलेल्या किंवा बाहेरून मागवलेल्या भागांवर बरेचदा तीन-अष्टमांश इंच, इंचाला 24 आटे. म्हणजे 9.525 मिलिमीटर व्यास, पिच साधारण 1.06. डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात. इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात सैलसर शिरतो, थोडे आटे गेले की अडखळतो आणि पाना लावला की 'बसला' असं वाटतं. प्रत्यक्षात आटे कुरतडले जात असतात. ब्रेकचा नट शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. आट्यांची पिच मोजणारा थ्रेड गेज फार महाग नसतो, घेऊन ठेवा. रेसिंगच्या एएन-3 फिटिंगचं तर आणखी फसवं: आटे तेच तीन-अष्टमांश, पण बैठकीचा कोन 37 अंश, गाडीच्या फ्लेअरचा (पाइपच्या पसरवलेल्या टोकाचा) 45. आटे जुळतात, बैठक जुळत नाही, आणि गळती पेडल जोरात दाबल्यावरच कळते.

लांबी कधीही गाडी चाकांवर उभी असताना मोजू नका. स्प्रिंग काढा, टायर लावलेलं चाक पूर्ण खाली लोंबू द्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग जॅकने चाक पूर्ण वर ढकलून पुन्हा तेच करा. होजऐवजी तेवढ्याच जाडीची विजेची केबल लावून पाहिली तर चूक फुकटात पडते. कुठल्याही स्थितीत होज ताणला जाऊ नये, टायरला लागू नये, टोकाशी मुडपू नये. डोनरचा होज तोकडा पडला तर तीच टोकं असलेला दुसऱ्या मॉडेलचा लांब होज शोधा. मधे जोड देऊन लांबी वाढवू नका.

बसवताना चासीकडचं टोक ब्रॅकेटमध्ये क्लिपने पक्कं करा. नुसत्या स्टीलच्या पाइपवर होज लटकत राहिला तर पाइप थकून तडकतो. होजवर लांबीने छापलेली रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. मळसूत्रासारखी फिरली असेल तर होजला पीळ पडलाय, सोडून परत लावा. होजचं टोक कडीसारखं (बँजो) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना, बोल्टवर, तांब्याची नवी वॉशर टाका. हवा काढून झाली की कुणाला तरी पेडल पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा. पहिल्या छोट्या फेरीनंतर चाकं काढून टायरच्या आतल्या भिंतीवर आणि होजच्या आवरणावर घासल्याची चमक आली आहे का, तेही बघा.