जर्मन गाडीत साधं पेट्रोल टाकू का प्रीमियम? सोलापुरातल्या सहा टाक्यांचा हिशोब

मागच्या वर्षी पुण्यातनं सेकंडहँड जर्मन सेडान घेतली, दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. त्या दिवसापासून पंपावर एकच डायलॉग ऐकतोय, "साहेब, असल्या गाडीत साधं टाकता व्हय?" आणि मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय म्हटल्यावर माणूस लाजेकाजेनं प्रीमियमच टाकून घेतो. मी पण चार महिने तेच केलं. मग एकदा बसलो हिशोबाला.

पहिलं काम म्हणजे पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. माझ्या गाडीवर किमान ९५ रॉन लिहिलंय, रॉन म्हणजे पेट्रोलचं ऑक्टेन मोजायचा आकडा. हे ऑक्टेन म्हणजे ताकद नाही बरं का, पेट्रोल दाबलं, तापलं तरी स्पार्कची ज्योत पोचायच्या आधी स्वतःहून पेटायचं नाही हा त्याचा गुण. टर्बो इंजिन हवा जास्त दाबतं म्हणून त्याला हा गुण जास्त लागतो. कमी ऑक्टेनचं टाकलं तर गाडी लगेच बंद पडत नाही, नॉक सेन्सरला इंजिनातली खडखड कळते, मग गाडीचा कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागं घेतो आणि आपल्याला वाटतं आज गाडी जरा सुस्त आहे.

आता गंमत बघा. आधी साधं पेट्रोल ९१ चं होतं आणि प्रीमियम ९५ चं, तेव्हा पंपावरच्या पोराचं म्हणणं बरोबरच होतं. पण ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन ९५ धरलंय, कारण उसापासनं होणाऱ्या ह्या इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला ऊस, आणि तोच आपल्या टाकीत ऑक्टेन वाढवायला! मग एक्सपी९५, पॉवर, स्पीड असल्या नावाखाली जास्तीचे पैसे मुख्यतः कशाचे, तर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल उडवणारी तोटी, साफ ठेवणाऱ्या अॅडिटिव्हचे. आणि इथेनॉल नको म्हणून प्रीमियम टाकणाऱ्यांनो, ९५ वाल्यात पण इथेनॉल असतंच.

टेस्ट अशी केली. तीन टाक्या साधं, तीन टाक्या प्रीमियम, होटगी रोडचा एकच पंप, नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, वर राउंड फिगर करायला टुक टुक करायचं नाही. शहरातलं रोजचं येणंजाणं आणि प्रत्येक टाकीत पुण्याची एक फेरी. साध्यावर लिटरला सरासरी ११.६ किलोमीटर, प्रीमियमवर ११.९. खूश झालो, पण तेव्हाचे लिटरचे भाव बघा की, १०५ आणि ११२.५०. किलोमीटरमागं चाळीस पैसे जास्तच गेले, पन्नास लिटर टाकलं की पावणेचारशे रुपये. त्यात तो पॉइंट तीनचा फरक ट्रॅफिकचा पण असू शकतो, तीन टाक्यांत काय कळणार.

चालवताना? सात रस्ता ते आसरा चौक ह्यात घंटा फरक कळत नाही. एकदाच वाटलं, मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री, पाच माणसं, एसी फुल, तुळजापूरचा घाट चढताना साध्यावर गाडी जरा दम खात होती, पुढच्या वेळी प्रीमियमवर सरळ ओढली. पण त्या दिवशी सकाळी लवकर निघालो होतो, हवा गार होती, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं ते माझं मलाच ठरवता येईना.

माझ्या मेकॅनिकला विचारलं तर तो बॉनेटमधनं डोकं न काढताच म्हणाला, "का बे मालक, उगं पैसे घालवलालाव." त्याचं म्हणणं, ह्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही, त्यामुळं व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठल्याच भारी पेट्रोलनं धुऊन निघत नाही. इंजेक्टरला मात्र फायदा होतो, हे त्यानं पण मान्य केलं.

खरी तक्रार वेगळीच आहे. शहरातल्याच एका पंपावर, नाव घेत नाही, मी "दोन हजाराचं" म्हटलं आणि पोरानं न विचारता प्रीमियमचं नोझल लावलं. मीटरवर भाव बघितला तोवर सातशेचं गेलेलं. वर मॅनेजर म्हणतो, गाडी बघून टाकलं साहेब. अरे, गाडी बघून टाकलं म्हणजे काय, उद्या माझा शर्ट बघून ऑइल पण बदलशील! तेव्हापासून खाली उतरतो, झिरो बघतो, भाव बघतो, मगच टाकी उघडतो. शंका आली तर भेसळ बघायला फिल्टर पेपर मागा, कमी भरलंय का बघायला पाच लिटरचं माप मागा, पंपावर ते ठेवावंच लागतं.

अजून एक, जिथं प्रीमियमचं नोझल दिवसभर हुकाला लटकलेलंच दिसतं तिथं मी ते घेत नाही. खप नसलेला जुना माल जास्त पैसे देऊन कशाला घ्या. त्यापेक्षा हायवेचा गर्दीचा पंप आणि साधं पेट्रोल बरं.

तर प्रीमियमला पाचपैकी अडीच स्टार. स्टिकरवर ९१ असेल तर विचार पण करू नका. ९५ असेल तर माझ्यासारखं करा, एरवी साधं, आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीनं लांब जायचं असलं तर एखादी टाकी प्रीमियम. पुण्यात एकदा शंभर ऑक्टेनवालं पण टाकून बघणार होतो, पण लिटरला दीडशेच्या वर भाव ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात शेंगाचटणी येते, आणि गाडी पुढं घ्यायला लावली.