कैदी, बंदी की ओलीस? कोणता शब्द कुठे वापरावा

माणूस दुसऱ्याच्या ताब्यात अडकला आहे, हे सांगायला मराठीत बरेच शब्द आहेत. निवड करताना मी दोन गोष्टी पाहतो: धरणारा कोण, आणि सोडण्याच्या बदल्यात तो काही मागतो आहे का.

मागत असेल तर शब्द ओलीस. १९९९ साली कंदाहारला नेलेल्या विमानातले प्रवासी ओलीस होते. त्यांच्या जिवाच्या बदल्यात तुरुंगातल्या अतिरेक्यांची सुटका मागितली जात होती. १९७१ च्या युद्धात शरण आलेले पाकिस्तानी सैनिक मात्र युद्धकैदी.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो येसूबाईंच्या बाबतीत. १६८९ मध्ये रायगड पडला आणि त्या बाल शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, शाहूंना सोडलं, पण येसूबाईंना मागे ठेवून घेतलं. मुलाने मोगलांशी नीट राहावं, यासाठीची ती हमी होती. म्हणून १७१९ मधल्या सुटकेपर्यंतचा हा काळ लिहिताना ‘ओलीस’च हवा. नुसतं ‘कैदेत होत्या’ म्हटलं की मोगलांचा डाव वाचकाला कळतच नाही.

‘बंदी’ जपून वापरावा. तुरुंग प्रशासनात न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी असे प्रयोग रूढ आहेत, पण बातमीच्या मथळ्यात तो मनाईच्या अर्थाशी गोंधळतो. तिथे कैदी बरा. बोलण्यात तर खटला चालू असलेल्याला सर्रास कच्चा कैदी म्हणतात.

नजरकैद आणि स्थानबद्धता यांतही गल्लत होते. आग्र्याला १६६६ मध्ये शिवाजी महाराज नजरकैदेत होते: मुक्काम हवेलीत, पण भोवती पहारा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते: जिल्ह्यात वावरायची मोकळीक, बाहेर जायला मनाई.

अटक कायद्याने होते आणि तिच्यासोबत हक्कही येतात. सर्वसाधारणपणे २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. सावकाराने मजुराला खोलीत कोंडलं, तर त्याला अटक किंवा कैद म्हणू नये, त्याने सावकाराला नसलेला अधिकार मिळतो. तिथे सरळ ‘डांबून ठेवलं’ असंच लिहावं.