वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: जायचे तर भरती बघून जा

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट २०१७ पासून होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, दाखवतो. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका वल्ही स्वतः मारतात आणि माहितीही स्वतःच सांगतात. प्रशिक्षण आणि सुरुवातीची मदत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून आणि राज्याच्या कांदळवन कक्षाकडून मिळाली. कोकणात खाडी बघायची असेल तर आमची पहिली शिफारस हीच, आणि मुख्य कारण आहे वल्हे. इंजिनाची होडी अरुंद खाडीत शिरली की तिच्या लाटेने काठाचा मऊ चिखल खचतो, नुकती धरलेली रोपे उघडी पडतात, पक्षी आधीच उडतात. वल्ह्याच्या होडीतून खंड्या फांदीवर बसलेला बघता येतो आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्याही दिसतात.

सफर चांगली होते की नुसती होडीची फेरी ठरते, हे वेळेवर अवलंबून आहे. पूर्ण भरतीला गेलात तर पाण्यावर हिरवा पसारा तेवढा दिसेल, मुळे सगळी बुडालेली. पूर्ण ओहोटीला होडी गाळात रुतते. सगळ्यात उत्तम म्हणजे पाणी निम्मे चढलेले असताना निघायचे. जाताना मुळे, त्यांना चिकटलेली कालवे (शिंपले) आणि खेकड्यांची बिळे उघडी असतात, चढते पाणी होडीला आत नेते, वल्हवणारीचे श्रमही वाचतात. परतेपर्यंत पाणी भरलेले असते आणि फांद्या डोळ्यांच्या उंचीला येतात. भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊण तासाने गुणायचे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. हा हिशेब मुंबईकडचा. वेंगुर्ल्याला भरती त्याच्या थोडी आधी लागते. निम्मे पाणी हवे तर त्यातून आणखी तीन तास वजा करा. म्हणजे पौर्णिमेला सकाळी आठ-साडेआठला होडीत बसायला हवे. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, चढउतार कमी, त्यामुळे मुळे नीट उघडी पडत नाहीत. पर्याय असेल तर उधाणाचे दिवस निवडा.

बघायचे काय, तर आधी मुळे. कांदळ, तिवर आणि चिप्पी ही इथली झाडे. कांदळाची कमानीसारखी टेकू मुळे लगेच ओळखू येतात. तिवराची श्वासमुळे पेन्सिलीएवढी, चिखलातून सरळ वर आलेली. चिप्पीची त्याहून जाड आणि टोकाला निमुळती. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिचे फूल रात्री उमलते, म्हणून सकाळच्या सफरीत बहुधा पाण्यावर पडलेले पुंकेसरच दिसतात. भर उन्हात तिवराचे पान जवळून बघा: वर मिठाचे बारीक कण असतात, झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकते. कांदळ ते बरेचसे मुळाशीच अडवतो. गेवा या झाडाचे पान मात्र तोडू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.

फांद्या बाजूला करून होडी पुढे काढताना त्या मोडल्या तर काय होते, हे गाइडला जरूर विचारा. तिवर तोडला तरी पुन्हा फुटतो. कांदळाची जून फांदी एकदा तुटली की तिथून फुटवा येत नाही. त्यामुळे सेल्फीसाठी कांदळाला लोंबकळणाऱ्याला होडीतल्या कोणीही थांबवावे.

कांदळवन बघून पर्यटकांना रोप लावायची हौस येते, आणि असे कार्यक्रम किनाऱ्यावर ठिकठिकाणी होतात. पैसे देण्याआधी जागा बघा. कांदळाची शेंग झाडावरच रुजते, पावसाळ्यात गळते, आणि तिला रोपवाटिकेची गरज नसते. तिचा साधारण तिसरा हिस्सा चिखलात सरळ खोचला की झाले. अडचण येते ती उंचीची. फोटोला सोयीच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खालच्या चिखलावर लावलेली रोपे दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली राहतात, खोडावर बार्नेकलचे (घट्ट चिकटणाऱ्या कवचधारी जीवांचे) थर चढतात आणि रोप वजनाने आडवे होते. फार वर लावली तर उन्हाळ्यात माती खारटून रोपे वाळतात, गुरे उरलेली खातात. जिथे पूर्वी कांदळवन होते तिथे बहुतेक वेळा बांध घालून पाणी अडवलेले असते. बांधाला मोरी काढून भरतीचे पाणी आत घेतले, गुरे दोन-तीन पावसाळे आवरली, तर जवळच्या झाडांचे बी स्वतःच येऊन रुजते. असे काम करणाऱ्या गावाला दिलेले पैसे रोपाच्या पाटीवर नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी अधिक कामी येतात.

राज्यातल्या कांदळवनाचा मोठा भाग खासगी जमिनीवर आहे. कायद्याने तोडीला बंदी आहे, पण प्रत्येक खाडीवर पहारा शक्य नाही. काठावरच्या घरांना उभ्या झाडातून उत्पन्न मिळाले की तोडणाऱ्याला गावातूनच विरोध होतो. २०१७ च्या राज्य योजनेत खेकडापालन, कालवपालन आणि निसर्ग पर्यटनाला अनुदान ठेवले ते याच विचाराने. त्यात खेकडापालनाला पिल्ले, खाद्य आणि राखण यांचा खर्च सतत लागतो, एक कुंपण फाटले की माल खाडीत. होडीच्या सफरीला भांडवल कमी, पण पावसाळ्यात उत्पन्न थांबते. त्यामुळे सांगितलेल्या दरात घासाघीस करू नका.

रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ किंवा सावंतवाडी सोयीचे. आगाऊ फोन करा, आणि दर विचारण्याआधी त्या दिवशीची भरती किती वाजता ते विचारा; तीन तास आधीची वेळ मागा. आठवडाअखेर टाळलात तर सावकाश बघता येते. लहान मुलांना जीवरक्षक जॅकेट घालूनच बसवा. वेफर्सच्या पिशव्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या काठावरच ठेवा: श्वासमुळांवर पिशवी गुंडाळली की त्यांना हवा मिळत नाही, आणि त्या चिखलातून ती हाताने सोडवायचे काम याच बायकांना करावे लागते.